माईंची सोबत : लिस्बनमधले सात दिवस

वयस्क माणसांबरोबर परदेशी जाणे आणि त्यांना सुखरूप परत आणणे हे माझे काम आहे. व्यवसायात याला ‘एस्कॉर्ट’ म्हणतात. गोव्यातल्या फोंड्यातील ज्या निवृत्त शिक्षिकांबरोबर मी ऑक्टोबर २०२४ मध्ये लिस्बनला गेले, त्या मात्र पहिल्या भेटीपासून ‘सोबत’ हाच शब्द वापरत आल्या. त्यांना सगळा गाव माई म्हणतो, म्हणून मीही माईच म्हणते. वय ८१, मधुमेह, गुडघ्याची एक शस्त्रक्रिया झालेली, स्मरणशक्ती मात्र तल्लख. मुले अमेरिकेत असतात. त्यांनी आईला तिकडे बोलावले होते, पण माईंनी सांगितले की एकदाच विमानात बसायचे असेल तर मला लिस्बनला जायचे आहे. कारण विचारले तेव्हा त्यांनी एकच वाक्य उच्चारले, “रानडे सरांना जिथे ठेवले होते, ती जागा मला पाहायची आहे.”

फोंडा महालातल्या मराठी शाळांत शिकवताना माई दर १९ डिसेंबरला मुलांना मोहन रानडे यांची हकीकत सांगत असत. मूळचे सांगलीचे मनोहर आपटे गोव्यात येऊन सावईवेऱ्याला मराठी शाळेत शिक्षक झाले, गोव्याच्या मुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात गेले आणि ऑक्टोबर १९५५ मध्ये पणजीसमोर मांडवीपलीकडे असलेल्या बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली आणि १९६० मध्ये पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, पण रानडे सुटले ते जानेवारी १९६९ मध्ये. मधली सात वर्षे, म्हणजे आपण मुक्तिदिनाची मिरवणूक काढत होतो तेव्हा ज्यांनी त्यासाठी गोळी खाल्ली ते गृहस्थ तिकडे कोठडीतच होते, ही गोष्ट माईंना आजही सहन होत नाही.

कामाचा करार आमच्याकडे नेहमी लेखी असतो. रोजचा ठरलेला पगार, तिकीट व राहण्याचा खर्च वेगळा, आणि दुपारी माई झोपतात त्या वेळी दोन तास माझे स्वतःचे, मात्र फोन चालू ठेवून आणि वीस मिनिटांत परत येता येईल इतक्याच अंतरावर. ज्या कोणाला या कामात यायचे असेल त्यांनी हे दोन तास करारात नक्की लिहून घ्यावेत. सात दिवस अखंड दुसऱ्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवून राहणारे माणूस पाचव्या दिवशी चुका करू लागते.

पहिला दिवस, शनिवार

गोव्यातल्या मोपा विमानतळाहून निघून, वाटेत दोनदा विमान बदलून आम्ही दुपारी लिस्बनला उतरलो. प्रवासाबद्दल सांगण्यासारखे एवढेच की चाकांची खुर्ची तिकीट काढतानाच नोंदवावी आणि निघण्याच्या दोन दिवस आधी पुन्हा फोन करून खात्री करावी. इन्सुलिन, सुया आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवावी, सामानात कधीही देऊ नये.

विमानतळावर खुर्ची घेऊन आलेल्या मुलाने यादीवर बोट ठेवून ‘कादेइरा द रोदश’ असे काहीतरी म्हटले आणि माई एकदम सरळ होऊन बसल्या. “बाय, ऐकलेस? कदेल आणि रोद!” आपल्याकडे घरोघरी खुर्चीला कदेल आणि चाकाला रोद म्हणतात, हे त्या मुलाला समजावून सांगण्याइतकी भाषा माझ्याजवळ नव्हती. पण माईंनी खुर्चीच्या हातावर थोपटून ‘कदेल’ आणि चाकाकडे बोट दाखवून ‘रोद’ म्हटले, तेव्हा तो हसला आणि टॅक्सीपर्यंतच्या वाटेवर दिसेल त्या वस्तूचे नाव सांगू लागला. खिडकी ‘जनेला’, मेज ‘मेझा’, किल्ली ‘शाव्ह’. जनेल, मेज, चावी. ज्या भाषेच्या राज्यकर्त्यांनी बापाला छळले तिचे शब्द आपण स्वयंपाकघरात वापरतो, हे माई अनेकदा वर्गात सांगत असत, पण त्या भाषेचे माणूस समोर उभे राहून तेच शब्द बोलताना त्यांनी आयुष्यात प्रथमच ऐकले.

निवासाच्या ठिकाणी मात्र आमची फसगत झाली. आरक्षण करताना ‘लिफ्ट आहे’ असे कळवले होते आणि लिफ्ट होतीही, पण ती नऊ पायऱ्या चढून गेल्यावर सुरू होत होती. जुन्या लिस्बनमध्ये कितीतरी इमारतींची रचना अशीच आहे. शेजारच्या दोन विद्यार्थ्यांनी माईंना खुर्चीसकट वर नेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तळमजल्यावर खोली असलेल्या दुसऱ्या ठिकाणी गेलो. तेव्हापासून मी ‘लिफ्ट आहे का’ असे विचारत नाही. ‘रस्त्यापासून पलंगापर्यंत एकूण पायऱ्या किती’ असे विचारते आणि दाराचे छायाचित्र मागवते.

दुसरा दिवस, रविवार

ऊन कोवळे होते, हवा आपल्याकडच्या जानेवारीतल्या सकाळीसारखी. बायशा हा शहराचा सपाट भाग आहे, म्हणून पहिली फेरी तिथेच ठेवली. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात, त्यानंतरच्या लाटांत आणि आगीत हा भाग नष्ट झाला आणि राजाचे मंत्री मार्केश द पोंबाल यांनी तो सरळ रस्त्यांचा, काटकोनात आखून पुन्हा उभारला. नदीकाठच्या मोठ्या चौकात, म्हणजे प्रासा दो कोमेर्सियोत, आता राजा जोझे पहिला याचा घोड्यावरचा पुतळा आहे. भूकंपापूर्वी येथे राजवाडा होता आणि त्याला लागूनच मसाल्याचा सगळा हिशेब ठेवणारे ‘काझा दा इंदिया’ हे कार्यालय. गोव्याहून निघालेल्या गलबतांचा माल याच काठावर उतरत असे. माई बराच वेळ पाण्याकडे पाहत बसल्या. तेजो नदी येथे इतकी रुंद आहे की मांडवीच्या मुखाशी उभे राहिल्यासारखे वाटते.

येथील पदपथ काळ्यापांढऱ्या लहान दगडांचे असतात आणि त्यांवर लाटांची, वेलींची नक्षी असते. डोळ्यांना फार सुंदर, पण खुर्ची ढकलणाऱ्याची परीक्षा पाहणारे. रोसियो चौकाच्या कडेला पुढचे लहान चाक दोन दगडांच्या फटीत अडकले आणि माई पुढे झुकल्या. पट्टा लावलेला होता म्हणून अनर्थ टळला. अशा वेळी खुर्ची पुढे रेटू नये. मागच्या दांडीवर पाय देऊन पुढची चाके उचलावीत, खुर्ची वळवावी आणि उलटी ओढत न्यावी. ओल्या दगडांवर तर चालणाऱ्याच्या पायातही रबरी तळाचेच बूट हवेत.

दुपारी माई झोपल्यावर मी कार्मोच्या चढावरून मठाच्या भग्नावशेषांपर्यंत गेले. भूकंपात छत कोसळलेले ते देऊळ मुद्दाम तसेच ठेवलेले आहे. दगडी कमानी उभ्या, आणि वर मोकळे आभाळ. समोरच्या लहान चौकात २५ एप्रिल १९७४ रोजी हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान मार्सेलो कायतानो सैन्याच्या वेढ्यात सापडून शरण आला. चौकात मुले खेळत होती आणि कारंज्यापाशी एक आजोबा भाजलेले चेस्टनट विकत होते. कागदाची जोडपुडी असते, एका कप्प्यात गरम चेस्टनट आणि दुसरा साली टाकण्यासाठी रिकामा. मी एक पुडी माईंसाठी नेली. त्यांनी एक चाखून सांगितले, फणसाची आठिळ भाजून खाल्ल्यासारखी लागते. खरोखरच तशी लागते.

तिसरा दिवस, सोमवार

सोमवारी लिस्बनमधील बहुतेक संग्रहालये बंद असतात, हे बेत आखताना ध्यानात ठेवावे. आम्ही तो दिवस लुमियार भागातील राधाकृष्ण मंदिरासाठी राखून ठेवला होता. पोर्तुगालमधील हिंदू समाज मुख्यतः गुजराती असून त्यातील बरीच कुटुंबे १९७५ नंतर मोझांबिकहून येथे आली. देवळाच्या भोजनगृहात शाकाहारी थाळी मिळते. तीन दिवसांनी डाळभात पानात पडला तेव्हा माईंनी आधी हात जोडले आणि मगच घास घेतला. वाढणाऱ्या काकी मूळच्या दीवच्या कुटुंबातल्या, जन्म मोझांबिकचा, संसार लिस्बनचा. त्या गुजराती बोलत होत्या, माई मराठी बोलत होत्या आणि लोणच्याच्या कृतीपासून गुडघेदुखीपर्यंत दोघींचे एकही वाक्य वाया गेले नाही. निघताना काकींनी थेपल्यांची एक गुंडाळी माझ्या पिशवीत घातली, जी पुढे दोन दिवस फार उपयोगी पडली.

इतरत्र शाकाहाऱ्यांसाठी ‘काल्दो व्हेर्द’ हे बटाटा व हिरव्या पानकोबीचे सार उत्तम, पण त्यात सॉसेजची चकती घालतात, म्हणून ती नको असे आधीच सांगावे. आणखी एक. उपाहारगृहात बसताच न मागता पाव, ऑलिव्ह, चीज असे मेजावर आणून ठेवतात. ते फुकट नसते, खाल्ले तर बिलात लागते, नको असल्यास हात न लावता परत करावे.

चौथा दिवस, मंगळवार

शहराच्या पश्चिमेकडील नदीकाठच्या बेलें भागात पंधरा क्रमांकाच्या ट्रामने गेलो. या मार्गावर लांबलचक नव्या ट्रामही धावतात आणि त्यांत खुर्ची चढवणे सोपे जाते. अठ्ठावीस क्रमांकाची प्रसिद्ध जुनी ट्राम खुर्चीसाठी अजिबात उपयोगाची नाही.

जेरोनिमुश मठाच्या चर्चमध्ये शिरताच डावीकडे वास्को द गामाचे थडगे आहे आणि उजवीकडे कवी कामोंइश यांचे. हा मठ उभारताना पूर्वेकडून येणाऱ्या मसाल्यावरील कराचा पैसा वापरला गेला. खांबांवर दगडात कोरलेले दोरखंड, प्रवाळ, सागरी वेली पाहताना कारागिरांचे कौतुक करावे की त्या पैशाचा विचार करावा, हे मला ठरवता आले नाही. माईंनी दोन्ही केले. वास्को द गामा १५२४ च्या डिसेंबरात कोचीत वारला, म्हणजे आम्ही तेथे उभ्या होतो त्याच्या दोनच महिन्यांनी त्याला ५०० वर्षे होणार होती. माई म्हणाल्या, “आमच्याकडे एका शहराला याचे नाव आहे आणि त्या शहरात मी सहा वर्षे नोकरी केली. आज मालकाला भेटले.”

बेलेंच्या बुरुजात अरुंद गोल जिना आहे, त्यामुळे माईंना आत नेणे शक्य नव्हते. पण मला जे पाहायचे होते ते बाहेरूनच दिसते. पश्चिमेकडील एका टेहळणी-कोठडीच्या खाली झिजलेल्या दगडात गेंड्याचे डोके कोरलेले आहे. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा दुसरा याने गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकेर्क याला एक गेंडा भेट दिला. आल्बुकेर्कने तो जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला आणि २० मे १५१५ रोजी तो लिस्बनला उतरला. युरोपने कित्येक शतकांत जिवंत गेंडा पाहिला नव्हता. त्याच्याबरोबर त्याला सांभाळणारा एक भारतीय माणूसही आला होता आणि त्याचे नाव ‘ओसेम’ असे नोंदलेले आहे. चार महिने समुद्रावर, अनोळखी भाषेच्या खलाशांत, एका मुक्या जिवाला वेळच्या वेळी चारापाणी देत तो इथवर पोहोचला. पुढच्या वर्षी पोपकडे नेताना गेंडा बोटीसह बुडाला. ओसेमचे पुढे काय झाले, हा प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही. सोबतीचे काम करत मांडवीकाठाहून तेजोकाठी येणारी मी काही पहिली नव्हे, हे त्या दगडाखाली उभी असताना मला फार आपलेपणाने जाणवले.

तेथील १८३७ पासून चालत आलेल्या दुकानात ‘पाश्तेइश द बेलें’ खाल्ले. पापुद्रा कुरकुरीत, आत गरम अंड्याची खीर, वर दालचिनीची भुकटी. माईंनी अर्धा खाल्ला आणि त्या हिशेबाने मी संध्याकाळचे इन्सुलिन डॉक्टरांनी दिलेल्या तक्त्यानुसार जुळवून घेतले. बाहेर रांग लांब असते, पण आत बसण्याची दालने पुष्कळ आहेत आणि खुर्ची पाहून त्यांनी आम्हाला लगेच आत घेतले.

पाचवा दिवस, बुधवार

पहाटेपासून पाऊस होता. अटलांटिकवरून येणारा हा पाऊस आपल्या पावसासारखा कोसळत नाही, तो वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि छत्री निरुपयोगी ठरते. टॅक्सी करून आम्ही कॅथेड्रलशेजारच्या आल्जुब संग्रहालयात गेलो. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत हे राजकीय कैद्यांचे कारागृह होते. १९६५ मध्ये ते बंद झाले आणि २५ एप्रिल २०१५ रोजी ‘प्रतिकार आणि स्वातंत्र्य’ यांचे संग्रहालय म्हणून खुले झाले. आल्जुब हे नाव विहिरीसाठी असलेल्या अरबी शब्दावरून आले आहे. दालनात एकांत कोठडीची प्रतिकृती आहे, जेमतेम एक मीटर रुंद आणि दोन मीटर लांब. कैदी तिला ‘कुर्रो’ म्हणत, म्हणजे बैल बांधण्याची जागा.

माईंनी खुर्ची त्या दारापाशी न्यायला सांगितली. ती आत मावत नव्हती. मग त्या माझ्या हाताचा आधार घेऊन उठल्या, आत दोन पावले गेल्या, भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात बाजूंना पसरण्याचा प्रयत्न केला. हात पुरते पसरण्याआधीच तळवे भिंतींना टेकले. मी घड्याळ पाहिले नाही, पण त्यांचा श्वास जलद होऊ लागल्यावर मी बाहेर चला म्हटले. बाहेर आल्यावर त्यांनी पाणी घेतले आणि हळू आवाजात सांगितले की ‘तुरुंग’ हा आपला शब्दसुद्धा यांच्याच ‘त्रोंकु’वरून आलेला आहे, कैद्याचे पाय अडकवण्याच्या ओंडक्यावरून.

येथे वसाहतींमधील लढ्यांविषयीही माहिती आहे. खिडकीवरच्या बाईंना मी इंग्रजीतून आमच्या येण्याचे कारण सांगितले. त्या वयाने पन्नाशीच्या असाव्यात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, माईंचा हात हातात घेतला आणि सांगितले की त्यांचे वडीलही काशियशच्या किल्ल्यात होते. दोघी एकमेकींचा हात धरून तशाच राहिल्या. मला भाषांतर करण्यासारखे काही उरले नाही.

सहावा दिवस, गुरुवार

काइश दु सोद्रे स्थानकावरून नदीकाठाने जाणारी गाडी सुमारे वीस-पंचवीस मिनिटांत काशियशला पोहोचते. मात्र प्रत्येक स्थानकावर थांबणारी गाडी धरावी, जलद गाड्या येथे थांबत नाहीत. स्थानकापासून किल्ला टेकडीवर आहे, म्हणून पुढे टॅक्सी केली. हा किल्ला आजही कारागृहच आहे, त्यामुळे आत जाता येत नाही आणि फाटकाजवळ छायाचित्र काढू नये. आम्ही रस्त्याच्या पलीकडे, एका पाइनच्या झाडाखाली थांबलो.

उंच भिंत, तारा आणि टेहळणीचा मनोरा. पाऊस थांबून ऊन पडले होते आणि खाली समुद्राला मिळणारी तेजो चमकत होती. माईंनी पिशवीतून वही काढली, शाळेत वापरायच्या तशीच दोनशे पानी, आणि तिच्यातून त्यांनी मला वाचून दाखवले. ४ डिसेंबर १९६१ रोजी याच किल्ल्यातून आठ कैदी सालाझारच्या चिलखती मोटारीत बसून फाटक तोडून पळाले, म्हणजे गोवा मुक्त होण्याच्या पंधरा दिवस आधी. गोव्याच्या लढ्यातलेच तेलो मास्कारेन्यश यांना येथेच ठेवले होते आणि ते १९७० मध्ये सुटले. रानडे यांच्या सुटकेसाठी तामिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोप पॉल सहावे यांच्याकडे शब्द टाकला होता. सांगलीच्या माणसासाठी, गोव्याच्या लढ्यासाठी, तामिळनाडूचा माणूस रोममध्ये बोलतो, हे वाचताना माईंचा आवाज कापला. वाचन संपल्यावर त्यांनी विचारले, “आतून ही नदी दिसत असेल का गं?” मला ठाऊक नव्हते. भिंतीच्या वरच्या अंगाला असलेल्या खिडक्या लहान होत्या आणि कोणत्या बाजूला काय आहे ते बाहेरून कळत नव्हते.

टॅक्सीवाला पुरुष साठीचा होता. तो वीस मिनिटे मीटर बंद करून गाडीबाहेर उभा राहिला आणि परतताना त्याने थांबल्याचे पैसे घेतले नाहीत.

त्या रात्री माईंचा रक्तदाब चढला. अपेक्षित होते. मी गोळी दिली, दर अर्ध्या तासाने मोजत राहिले आणि पहाटे दोनला तो उतरल्यावर झोपले. प्रवासात भावनिक भाराचा दिवस असेल तर त्याच्या दुसऱ्या दिवशी काहीही ठरवू नये, हा नियम मी अकरा वर्षांच्या शुश्रूषेच्या नोकरीतून शिकले. युरोपभर तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे आणि औषधांचे दुकान हिरव्या क्रॉसवरून लांबूनही ओळखता येते.

सातवा दिवस, शुक्रवार

सकाळ विश्रांतीत गेली. दुपारी माईंनीच आग्रह धरला की पाण्यावरून एक फेरी मारू या. काइश दु सोद्रेहून पलीकडच्या काठाला, कासिल्यशला, फेरीबोट जाते. बोट सुटली, डिझेलचा वास आला, काठ मागे सरकू लागला आणि माई म्हणाल्या, “पणजी-बेती.” बेती हे नाव त्यांनी सहज घेतले की विचार करून, ते मी विचारले नाही. डावीकडे शहराच्या टेकड्या उतरत्या उन्हात उजळल्या होत्या आणि उजवीकडे लाल पूल होता. १९६६ मध्ये तो खुला झाला तेव्हा त्याला सालाझारचे नाव होते, १९७४ नंतर ते ‘२५ एप्रिल’ झाले. पुलाचे खांब उभे राहत होते त्या सर्व काळात रानडे सर काठावरच्या त्या किल्ल्यात होते. माईंनी तेवढे एक वाक्य वहीत लिहून घेतले, बोट हलत असल्यामुळे अक्षर वाकडे आले म्हणून खोलीवर गेल्यावर पुन्हा सुवाच्य लिहिले.

परतीचा प्रवास सुरळीत झाला. फोंड्याला पोहोचल्यावर मी औषधांची उरलेली मोजणी, रक्तशर्करेच्या नोंदी आणि खर्चाचा हिशेब माईंच्या स्वाधीन केला आणि काम संपले. या वर्षी १९ डिसेंबरला त्यांच्या जुन्या शाळेत त्या मुलांशी बोलणार आहेत आणि खुर्ची ढकलायला मला बोलावले आहे. त्या दिवशीचे दुसरे काम मी घेतलेले नाही.